मुखबिराचं नाव कोर्ट कधी विचारतं?

इंदूरच्या जिल्हा न्यायालयात अमली पदार्थाच्या खटल्याची फाइल उघडली की सुरुवातीच्या पानांत एक कागद हमखास सापडतो. वर लिहिलेलं असतं ‘मुखबिर सूचना पंचनामा’; मुखबिर म्हणजे पोलिसांना गुपचूप खबर देणारा. खाली हिंदीत ठरलेला मजकूर: अमुक वाजता मुखबिराकडून विश्वसनीय सूचना मिळाली की पांढऱ्या गाडीतून निळा शर्ट घातलेला एक इसम डोडाचूरा (अफूच्या बोंडांचा चुरा) घेऊन अमुक नाक्याकडे येणार आहे. मग दोन पंचांच्या सह्या, ठाणेदाराची सही, रोजनामच्याचा नंबर. पंचांची नावं, त्यांच्या वडिलांची नावं, पत्ते, सगळं असतं. ज्याच्या सांगण्यावरून हे सारं सुरू झालं, त्याचं नाव मात्र कुठेच नसतं.

मी इथे फौजदारी वकिली करते. सुदामानगरात राहणाऱ्या माझ्या मावशीनं एकदा मला असाच एक कागद दाखवून विचारलं, “अगं, ज्यानं सांगितलं तो कोर्टात येणारच नाही? मग त्यानं खरं सांगितलं की वैर काढलं, हे कळायचं कसं?” तिच्या भाडेकरूंचा मुलगा पकडला गेला होता. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते. मुलगा बावीस वर्षांचा, ड्रायव्हरची कामं करणारा. ओळखीचा एक माणूस त्याला मंदसौरकडून गाडी आणायला घेऊन गेला. परतताना बायपासच्या अलीकडे एका ढाब्यावर तो माणूस उतरला, “तू हो पुढे, मी मागून येतो” म्हणाला. मुलगा चार-पाच किलोमीटर पुढे गेला आणि पोलिसांनी गाडी अडवली. डिकीत डोडाचूऱ्याची पोती, वजन ५० किलोच्या वर. म्हणजे कायद्याच्या भाषेत व्यापारी मात्रा: गुन्हा शाबित झाला तर १० ते २० वर्षं आणि १ ते २ लाखांचा दंड. घरच्यांचं म्हणणं एकच होतं: “उतरला तोच मुखबिर. ताई, पोलिसांना त्याचं नाव सांगायला लावा.”

पोलिसांना ते सांगायला लावता येतं का? सरळ उत्तर ‘नाही’ असं आहे. पण त्या ‘नाही’च्या पोटात बरंच काही आहे, आणि ते वकिलाबरोबर घरच्यांनाही माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चं कलम १३१ असं आहे की गुन्ह्याची खबर कुठून मिळाली हे सांगायची सक्ती कुठल्याही मॅजिस्ट्रेटवर किंवा पोलीस अधिकाऱ्यावर करता येत नाही. सरकारी महसुलाविरुद्धच्या गुन्ह्यांत महसूल अधिकाऱ्यालाही हेच संरक्षण आहे. १ जुलै २०२४ पूर्वी हेच कलम १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात १२५ क्रमांकाचं होतं. तिथलं त्याचं रूप १८८७ च्या दुरुस्तीनं आलेलं. अमली पदार्थांच्या कायद्यात, म्हणजे एनडीपीएसमध्ये, कलम ६८ वेगळं घालून तीच गोष्ट पुन्हा सांगितली आहे. खटल्यात न्यायाधीशांना कोणालाही जवळपास कुठलाही प्रश्न विचारता येतो, पण त्या अधिकारालाही कायद्यानं इथे कुंपण घातलंय: ज्या प्रश्नाचं उत्तर नाकारण्याचा हक्क साक्षीदाराला या कलमांनी दिलाय, त्याचं उत्तर न्यायाधीशही जबरदस्तीनं घेऊ शकत नाहीत. माहितीच्या अधिकारातून मिळवू म्हणाल तर तीही वाट बंद आहे. पोलिसांना विश्वासानं दिलेल्या माहितीचा स्रोत उघड होईल अशी माहिती त्या कायद्याच्या कलम ८ नं वगळली आहे.

एवढं कडक का, हे माळव्यात राहणाऱ्याला फार समजावून सांगावं लागत नाही. मंदसौर आणि नीमच हे परवान्यानं अफू पिकवणारे जिल्हे. परवाने देणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोचं मुख्यालय आपल्याच राज्यात, ग्वाल्हेरला. परवान्याच्या शेतातून चोरवाटेनं बाहेर पडणाऱ्या मालाची खबर देणारा माणूस त्याच गावात राहतो, त्याच विहिरीवर पाणी भरतो. त्याचं नाव एकदा खटल्याच्या कागदावर आलं की आरोपीला त्याची प्रत मिळते, आणि संध्याकाळपर्यंत गावाला कळतं. पुढच्या वेळी खबर द्यायला कोण येईल? हा प्रश्न मला मनापासून पटतो. मी बचावाच्या बाजूनं उभी राहते, तरीही पटतो.

शब्दांचा एक घोळ आधी सोडवून घेऊ. हिंदी वर्तमानपत्रांतला ‘मुखबिर’ म्हणजे मराठीतला खबरी. कायद्यात एफआयआर देणाऱ्यालाही खबर देणारा म्हणतात, पण तो फिर्यादी. त्याचं नाव उघडच असतं. खबर नोंदवणाऱ्या अधिकाऱ्यानंच तपास केला तर खटला आपोआप पडतो का, यावर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ‘होय’ म्हटलं आणि २०२० मध्ये मुकेश सिंह खटल्यात पाच न्यायमूर्तींनी ते फिरवलं. तो वाद अधिकाऱ्याबद्दलचा होता. त्याचा पडद्याआडच्या खबऱ्याशी संबंध नाही, तरी वकिलांच्या बोलण्यात दोन्हींची सरमिसळ नेहमी ऐकू येते.

आता त्या ‘नाही’च्या पोटातलं. नाव झाकण्याचा नियम इंग्लंडमधून आला, आणि तिथे तो पहिल्यापासून एका अपवादासकट होता. १८९० च्या मार्क्स विरुद्ध बेफस या दिवाणी दाव्यात सरकारी खटल्यांच्या संचालकांना साक्षीला बोलावून विचारलं गेलं की माहिती कोणी दिली. त्यांनी सांगायला नकार दिला आणि कोर्टानं तो मान्य केला. पण त्याच निकालात लॉर्ड ईशर यांनी एक दार उघडं ठेवलं: खबऱ्याचं नाव कळल्याशिवाय आरोपीचं निर्दोषत्व दाखवता येत नसेल, तर नाव सांगावं लागेल. कारण खबऱ्याला जपण्यात लोकहित आहे आणि निर्दोष माणसाला शिक्षा होऊ न देण्यातही आहे. दोन्ही समोरासमोर आली तर दुसरं वरचढ.

हे दार प्रत्यक्षात कसं उघडतं याचं सगळ्यात बोलकं उदाहरण अमेरिकेतलं आहे: रोव्हियारो खटला, निकाल १९५७ चा. शिकागोत एका खबऱ्यानं आपल्या कॅडिलॅक गाडीत रोव्हियारोला बसवलं. डिकीत एक पोलीस अंग चोरून पडला होता आणि पुढच्या सीटवरचं बोलणं ऐकत होता. मागून दुसऱ्या गाड्यांतून पोलीस. एका जागी रोव्हियारो उतरला, झाडापाशी गेला, एक लहानसं पुडकं उचलून गाडीपाशी परत आला आणि काहीतरी आत ठेवल्यासारखं करून निघून गेला. पुडक्यात हेरॉइन निघालं. आरोपपत्रात लिहिलं होतं की त्यानं ते ‘जॉन डो’ला विकलं. हे टोपणनाव खबऱ्याचं. नंतर ठाण्यात दोघांना समोरासमोर आणलं तेव्हा याच खबऱ्यानं सांगितलं की मी या माणसाला ओळखत नाही.

या घटनेत खबऱ्या कुठे होता ते बघा. त्यानं नुसती खबर दिली नव्हती. गाडी त्याची, चाक त्याच्या हातात, आणि समोरासमोर झालेल्या व्यवहारात आरोपीखेरीज दुसरा माणूस तोच. पुडकं कोणाचं, आत काय आहे हे रोव्हियारोला माहीत होतं का, त्याला यात कोणी ओढलं होतं का, हे सांगू शकणारा तोच एक. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयानं शिक्षा रद्द केली. सरकारपुढे दोन वाटा राहिल्या: नाव सांगा, नाहीतर आरोप सोडा. त्याबरोबर कोर्टानं हेही सांगितलं की याचा एकच ठरीव नियम करता येणार नाही. गुन्हा काय, बचाव काय, खबऱ्याच्या साक्षीचा उपयोग किती, हे दर खटल्यात तोलून पाहावं लागेल.

दहा वर्षांनी, १९६७ मध्ये, त्याच शिकागोतला मक्रे खटला आला. तिथे खबऱ्यानं फक्त ‘अमका माणूस रस्त्यावर माल बाळगून आहे’ एवढंच सांगितलं होतं. पोलिसांनी अटक केली, हेरॉइन सापडलं. वाद होता तो अटकेला पुरेसं कारण होतं का, एवढाच. तिथे कोर्टानं नाव सांगायची गरज नाही म्हटलं. हे दोन निकाल शेजारी ठेवले की सगळं तत्त्व डोळ्यांसमोर येतं. खबऱ्यानं बोट दाखवलं आणि तो बाजूला झाला, तर त्याचं नाव झाकलेलं राहतं. तो स्वतः घटनेच्या आत शिरला, तर तो साक्षीदार होतो, आणि साक्षीदाराला खबऱ्याचं पांघरूण पुरत नाही.

आपल्या कलम १३१ मध्ये इंग्लंडसारखा अपवाद लिहिलेला नाही. ते वाक्य एकदम सपाट आहे. तरी माझ्या वाचनात त्याची हद्द त्याच्या शब्दांतच आहे. कलम म्हणतं, ‘खबर कुठून मिळाली’ हे सांगायची सक्ती नाही. ‘घटनेच्या जागी कोण कोण होतं’ हा वेगळा प्रश्न आहे आणि तो विचारायला कलम अडवत नाही. पोलिसांनी पाठवलेला बनावट गिऱ्हाईक, महाराष्ट्रात ज्याला पंटर म्हणतात, नोटा घेऊन व्यवहार करून येतो. त्याला ‘आमचा खबऱ्या’ म्हणून झाकता येऊ नये. त्याला साक्षीला आणलं नाही तर न्यायालय अनुमान काढू शकतं की तो आला असता तर सरकार पक्षाच्या विरुद्ध बोलला असता. पुराव्याच्या कायद्यात या अनुमानाला स्वतंत्र जागा आहे.

मधली वाट आपल्याकडेही निघालेली आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे सुरेश कुमार यांचा एनडीपीएसचा खटला आला. आरोपीचं म्हणणं, मला पकडल्याची जागा आणि वेळ खोटी आहे. अधिकाऱ्यांच्या मोबाइलचे तपशील मागवा, म्हणजे ते तेव्हा कुठे होते ते कळेल. सरकारची हरकत: त्या यादीत आमच्या खबऱ्यांचे नंबर निघतील. दोन्ही बाजूंचं खरं होतं. तोडगा असा निघाला की तपशील मागवायचे, टॉवरचं ठिकाण उघड ठेवायचं आणि ज्यांना फोन झाले किंवा ज्यांचे आले ते नंबर काळे करायचे. खबऱ्या सुरक्षित, आरोपीच्या हाती त्याला हवं ते. आमच्याकडे या निकालाचा जितका वापर व्हायला हवा तितका होत नाही, याचं मला वाईट वाटतं.

खरं तर बचावाच्या वकिलाला नावाची गरज वाटते त्याहून फार कमी वेळा पडते. उलटतपासात तरुण वकील आवाज चढवून विचारतो, “मुखबिर का नाम बताइए.” सरकारी वकील उठतात, हरकत घेतात, प्रश्न नाकारला जातो आणि साक्षीदार पिंजऱ्यात सावरून उभा राहतो. सुरुवातीला मीही हेच केलं होतं. मग एका ज्येष्ठ वकिलांना मी त्याच साक्षीदाराला वेगळं विचारताना पाहिलं. सूचना मिळाली तेव्हा आपण ठाण्यात होतात की गस्तीवर? किती वाजता? रोजनामचा सान्ह्यात, म्हणजे ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत, नोंद किती वाजताची? सूचनेत गाडीचा नंबर होता का? नव्हता, तर शर्टाचा रंग होता आणि नंबर नव्हता, असं कसं? सीएसपी (नगर पोलीस अधीक्षक) साहेबांकडे प्रत कोणी नेली? त्याच्या जावक रजिस्टरचा क्रमांक? पोच किती वाजताची? एकाही प्रश्नात नाव नव्हतं, त्यामुळे कोणालाही हरकत घेता आली नाही. अर्ध्या तासानं कळलं की ज्या शिपायानं प्रत सीएसपी कार्यालयात दिली म्हणतात, तोच त्याच मिनिटाला छाप्याच्या जागी जप्तीच्या कागदावर सही करत होता.

या प्रश्नांमागे एनडीपीएसचं कलम ४२ आहे. घर, गाडी किंवा बंद जागेची झडती खबरीवरून घ्यायची तर ती खबर आधी लिहून काढावी लागते आणि तिची प्रत ७२ तासांच्या आत वरिष्ठाकडे जावी लागते. २००१ च्या दुरुस्तीआधी ती ताबडतोब पाठवावी लागे. २००९ मध्ये कर्नैल सिंह खटल्यात घटनापीठानं ठरवलं की गस्तीवर असताना मोबाइलवर खबर आली तर आधी कारवाई आणि मग लेखन चालेल, उशिराचं समाधानकारक कारण दिलं तर तेही चालेल, पण कलम अजिबातच पाळलं नाही तर चालणार नाही. म्हणजे कायद्यानं खबऱ्याचं नाव झाकलं, तरी खबर झाकायला परवानगी दिली नाही. ती केव्हा आली, काय आली, कोणाला कळवली, हे सगळं तपासता येतं. आणि खबऱ्याचं बोलणं स्वतः पुरावा नसतंच. ‘मुखबिरानं सांगितलं म्हणून’ एवढ्यावर कोणालाही दोषी धरता येत नाही. डिकीत पोती होती हे पोलिसांना इतर पुराव्यानं सिद्ध करावंच लागतं.

इथे एक अवघड गाठ आहे आणि ती कुठल्याही निकालानं पूर्ण सुटलेली नाही. नाव न लिहिताही नाव सांगितलं जातं. ‘गोठ्यामागच्या कडब्याखाली तीन पोती’ असं पंचनाम्यात आलं, तर त्या गोठ्यात जाणारी माणसं किती? मालक, त्याचा भाऊ आणि दूध काढायला येणारा गडी. म्हणून पोलीस मुद्दाम मोघम लिहितात. पण मोघम लिहिलेली खबर प्रत्येक फाइलमध्ये सारखीच दिसते आणि मग बचाव पक्ष विचारतो की असा खबऱ्या खरोखर होता का, की छाप्यानंतर बसून कागद तयार केला? प्रामाणिक अधिकारी आणि लबाड अधिकारी यांचे पंचनामे एकसारखे दिसतात. न्यायाधीशांनी अशा वेळी मूळ नोंद स्वतः, बंद दालनात पाहावी, असं मला वाटतं. अमेरिकेत हा मार्ग वापरतात. आपल्याकडे बंद लिफाफ्याची सवय वाढली, तेव्हा २०२३ मध्ये एका मल्याळम वृत्तवाहिनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं बजावलं की लिफाफा हा सोपा उपाय समजू नका. शक्य तिथे नाजूक भाग काळा करून बाकीचा कागद समोरच्याला द्या, आणि दावा तपासायला कोर्टाचा मदतनीस वकील नेमा.

साक्षीदाराचं नाव झाकणं हा वेगळा विषय, थोडक्यात सांगते. दहशतवादाच्या खटल्यांत यूएपीएच्या, म्हणजे बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्याच्या, कलम ४४ खाली कोर्ट ते करू शकतं. १९९४ च्या कर्तार सिंह निकालानुसार खटला सुरू होण्याआधी साक्षीदारांची नावं आरोपीला कळावीत, फक्त भक्कम कारण असेल तरच ती रोखावीत. २०१८ मध्ये महेंद्र चावला खटल्यात साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू झाली.

नाव मागणारं कोर्टच थांबलं, असंही घडलंय. सप्टेंबर २०१४ मध्ये टू-जी प्रकरणात तत्कालीन सीबीआय संचालकांच्या घरच्या भेटीच्या नोंदवहीची प्रत एका संस्थेनं सर्वोच्च न्यायालयात दिली. न्यायालयानं आधी सांगितलं, ती तुम्हाला कोणी दिली त्याचं नाव बंद लिफाफ्यात द्या. संस्थेनं नकार दिला. नोव्हेंबरमध्ये न्यायालयानं तो आदेश मागे घेतला आणि संचालकांना त्या तपासापासून दूर केलं. नोंदवहीत काय आहे हे नावावाचून तपासता येत होतं, म्हणून नाव लागलं नाही. पंचनाम्याच्या उलटतपासातली गोष्ट इथेही तीच.

इंदूरचा एक धागा यात आहे. २०११ मध्ये शहर हादरवणारी एका घरातल्या तिघींची हत्या झाली होती. तो खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि मे २०२२ च्या निकालात फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली. निकालाचा हा भाग सगळ्यांना आठवतो. त्याच निकालात असंही आहे की पोलिसांनी गोळा केलेलं पण खटल्यात न वापरलेलं साहित्य, जबाब, कागद यांची यादी सरकार पक्षानं आरोपीला द्यावी. कोणता कागद मागायचा हे कळायला आधी तो आहे हे तरी कळलं पाहिजे. तेव्हापासून माझ्या प्रत्येक अर्जात हा परिच्छेद असतो.

मावशीच्या भाडेकरूंना मी हेच सांगितलं. त्या माणसाला मुखबिर म्हणायचंच नाही. तो मुखबिर आहे की नाही हे आपल्याला माहीत नाही, आणि तसं म्हटलं की कलम १३१ ची भिंत आपणच उभी करतो. आपण एवढंच म्हणायचं की मंदसौरपासून ढाब्यापर्यंत गाडीत एक दुसरा माणूस होता, त्याचं नाव आपल्याला ठाऊक आहे, गाडी त्यानंच ठरवली होती, आणि पोलिसांनी त्याचा जबाब घेतलेला नाही. मग टोलनाक्यावरचं आणि ढाब्यावरचं चित्रण जपून ठेवायचा अर्ज. त्याच्यासोबत मुलाच्या फोनच्या टॉवरच्या नोंदी. अधिकाऱ्यांच्या नोंदी मागताना इतरांचे नंबर काळे करायला आमची हरकत नाही, हे आपणहून लिहून टाकायचं.

मुलाचे वडील लगेच ढाब्यावर जाऊन आले. मालकानं सांगितलं, कॅमेऱ्यात पंधरा दिवसांचंच राहतं, त्यावर नवं चढतं. अटकेला तो अकरावा दिवस होता. अर्ज मी त्याच दुपारी टाइप केला.